खांद्याच्या वाटीची झीज: सीटीत १४ टक्के, एमआरआयत ९ टक्के, कोणता आकडा धरावा?

प्रश्न (निवासी डॉक्टर, अस्थिरोग)

दोन वर्षांत पाच वेळा खांदा पुढच्या बाजूला निखळलेला एक तरुण रुग्ण सध्या आमच्याकडे आहे. त्रिमितीय सीटीच्या अहवालात ग्लेनॉइडचे, म्हणजे खांद्याच्या वाटीचे, पुढच्या कडेचे हाड १४ टक्के कमी झाल्याचे म्हटले आहे. त्याच आठवड्यात दुसरीकडे केलेल्या एमआरआयच्या अहवालात मात्र हे प्रमाण ९ टक्के दिले आहे. झीज १३.५ टक्क्यांच्या पुढे गेली की केवळ बँकार्ट दुरुस्तीने (वाटीच्या पुढच्या कडेवरून सुटलेल्या मऊ ऊती पुन्हा कडेला शिवण्याच्या शस्त्रक्रियेने) रुग्णाला पुरेसे समाधान मिळत नाही, असे २०१५ च्या एका अभ्यासात वाचल्यामुळे हा फरक मला किरकोळ वाटत नाही. एमआरआयने झीज कमी दाखवली असे समजून सीटीचाच आकडा धरावा काय?

उत्तर (रेडिओलॉजिस्ट)

दोन्ही अहवाल बरोबर असू शकतात. एकाने रुंदी मोजली आणि दुसऱ्याने क्षेत्रफळ, तर एकाच झिजेचे असे दोन आकडे येतात. वाटीच्या खालच्या भागावर बसवलेल्या वर्तुळाचा व्यास २८ मिमी आणि पुढून गेलेल्या हाडाची रुंदी ४ मिमी असेल, तर रुंदीतील घट १४.३ टक्के होते, पण वर्तुळाचा तोच तुकडा क्षेत्रफळाने जेमतेम ९ टक्के भरतो. म्हणून कोणताही उंबरठा वाचताना तो कोणत्या पद्धतीचा आहे, हे आधी पाहावे.

तरीही अहवालावर न थांबता प्रतिमा स्वतः उघडाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. सीटीत ह्यूमरसचे, म्हणजे दंडाच्या हाडाचे, डोके वगळून वाटी अगदी समोरून दिसेल अशी फिरवावी लागते. ती थोडी जरी तिरकी राहिली तरी वर्तुळ चुकते. वर्तुळ खालच्या आणि मागच्या शाबूत कडेला टेकवून बसवायचे असते. पुढच्या झिजलेल्या कडेकडे पाहून ते नकळत लहान काढले की झीजही कमी दिसते, आणि ही चूक मी सरावलेल्या हातांकडूनही होताना पाहिली आहे. साध्या एक्स-रेवरून झिजेची शंका येते, पण मोजमापासाठी त्यावर विसंबू नये.

उत्तर (खांद्याचे शल्यचिकित्सक)

वरील हिशेब पटतो, परंतु वाटी ही अर्धीच बाजू झाली. निखळताना वाटीची पुढची कड ह्यूमरसच्या डोक्यात मागून रुतते आणि हिल-सॅक्स खळगा पडतो. दोन्हीकडची झीज स्वतंत्रपणे मध्यम असली, तरी एकत्र आल्यावर खांदा पुन्हा अडकू शकतो. यासाठी ग्लेनॉइड ट्रॅक, म्हणजे हात हलताना ह्यूमरसच्या डोक्याचा जो पट्टा वाटीला टेकतो त्याची रुंदी, काढावा: वर्तुळाच्या व्यासाचे ८३ टक्के घेऊन त्यातून गेलेल्या हाडाची रुंदी वजा करायची. वरच्याच आकड्यांनी २३.२ मधून ४ गेले, म्हणजे १९.२ मिमी उरले. आता खळग्याची रुंदी आणि खळगा व रोटेटर कफ (खांद्याभोवतीच्या स्नायूंचे कंडरे) यांच्यामधील हाडाचा पूल यांची बेरीज करावी. ती ट्रॅकपेक्षा जास्त भरली, तर खळगा ट्रॅकच्या बाहेर आहे असे समजावे.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. एमआरआयमध्ये क्षेत्रफळच मोजले होते, याची खात्री करून घेतली. सीटीवर पुन्हा मोजले असता व्यास २८ आणि घट ४ मिमी हेच आकडे आले. खळगा १६ मिमी आणि हाडाचा पूल ५ मिमी आहे.

उत्तर (खांद्याचे शल्यचिकित्सक)

बेरीज २१ मिमी होते, म्हणजे खळगा ट्रॅकच्या बाहेर जातो. अशा वेळी एकट्या बँकार्ट दुरुस्तीवर मी भरवसा ठेवणार नाही. मागच्या कफचा कंडरा खळग्यात बसवणारी रेम्प्लिसाज तिच्या जोडीला करण्याचा विचार व्हावा, आणि रुग्ण अंगाला अंग भिडणारे खेळ खेळत असेल तर लाटार्जेचीही (खांद्याच्या पुढच्या हाडाचा तुकडा वाटीच्या झिजलेल्या कडेला बसवण्याच्या शस्त्रक्रियेची) चर्चा त्याच्याशी करावी. मात्र अंतर अवघे १.८ मिमी आहे आणि सीटीत कफ नेमका कोठे चिकटतो ते स्पष्ट दिसत नाही. तेव्हा हाडाचा पूल एमआरआयवर पुन्हा मोजा. कॅप्सूल, म्हणजे सांध्याभोवतीचे आवरण, ह्यूमरसच्या बाजूने सुटलेली नाही ना, हेही त्याच प्रतिमांत पाहून घ्या.