चकचकीत ऑइल पेंटबद्दल थोडं

मुलांच्या खोलीतली भिंत व्हाइटबोर्डसारखी करायची तर साधा चकचकीत ऑइल पेंटही चालतो, असं काहीजण सुचवतात. चालतो, पण थोडे दिवस. मग शाई मुरते आणि गेल्या महिन्यातले पाढे पुसूनही फिकट दिसत राहतात. खास व्हाइटबोर्डचा रंग बहुतेकदा दोन डब्यांत येतो, रेझिन आणि हार्डनर. एकत्र केले की मिश्रण घट्ट व्हायला लागतं, म्हणून पेंटरचा चहा आधीच उरकून घ्या.

खरी मेख भिंतीत आहे. आपल्या जुन्या सोसायट्यांत डिस्टेंपरचे थरावर थर असतात. त्यावर हा रंग मारलात तर खालच्या थरासकट पोपडे निघतील. आधी खरवडून पुट्टी, पॉलिश पेपर, प्राइमर. मग रात्री दिवे घालवून टॉर्च भिंतीला चिकटून तिरका धरा. जिथे बारीक सावल्या दिसतील तिथे शाई अडकणार. रोलर फोमचाच घ्या, लोकरीचा नको.

पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर विचारही नको, दिवाळीनंतर बघा. रंग मारल्यावर साधारण आठवडाभर लिहायचं नाही. हे घरातल्या पोरांना सांगायची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी!

भाड्याचं घर असेल तर मालकाशी डिपॉझिटवरून हुज्जत कशाला? पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मार्करने लिहिता येणाऱ्या लॅमिनेटची चौकशी करा. प्लायवर चिकटवून टांगलं की घर बदलताना सोबत नेता येतं.