चिऱ्यामागे तीन रुपये: हा गुन्हा का नाही?

चिरेबंदी (धागाकर्ता):
मी मुंबईत, घर बांधतोय राजापूर तालुक्यात. रोज उभं राहणं जमत नाही म्हणून पगारी सुपरवायझर ठेवला. खाणवाल्याकडून कळलं, दर चिऱ्यामागे (जांभ्या दगडामागे) तीन रुपये त्याला जातात आणि तेही माझ्याच बिलात चढवून. पोलीस म्हणाले, "खाजगी व्यवहार आहे, दिवाणीत जा." हेच एखाद्या सरकारी नोकराने घेतले असते तर अँटी करप्शनने सापळा लावला असता. माझ्या मते मालकाला अंधारात ठेवून घेतलेलं कमिशन फौजदारी गुन्हाच हवा. देणाऱ्यालाही शिक्षा हवी.

खाडीकाठ:
कडाडून विरोध. पोलिसांच्या हाती आणखी एक कलम, म्हणजे आणखी एक वसुली. दलालीशिवाय कोकणात काय विकलं जातं, मासळी की आंबा? दुकानदारान गवंड्याक चाय पाजल्यान तर तो पण गुन्हो काय रे?

चिरेबंदी:
वाशी बाजारातून येणाऱ्या आंब्याच्या पट्टीवर (विक्रीच्या हिशेबावर) हमाली, भाडं लिहिलेलं असतं. पटो न पटो, दिसतं. माझे तीन रुपये कुठे दिसतात? चहाचं सोडा हो.

काळाकोट:
पोलिसांचं उत्तर उद्धट असेल, पण निराधार नाही. १९८८चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लोकसेवकांभोवती फिरतो. खाजगी नोकराची लाच हा आपल्याकडे वेगळा गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ (विश्वासघात, नोकराने केल्यास सात वर्षांपर्यंत) लावायचं तर तुम्ही सोपवलेली मालमत्ता त्याने लाटली हे दाखवावं लागतं. इथे पैसे खाणवाल्याच्या हातून गेले, तिथे पेच आहे. दर फुगवल्याचं सिद्ध झालं तर फसवणुकीचं ३१८ बघता येईल. दिवाणीत मात्र करार कायदा, १८७२ आहे: कलम २१६नुसार एजंटाने मालकाला न सांगता त्याच कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर तो नफा मालक मागू शकतो.

खाडीकाठ:
झालं तर! पैसे परत मिळण्याशी मतलब. त्याला आत टाकून तुमचं घर उभं राहणार आहे का?

काळाकोट:
किती वर्षांनी परत मिळतील, तेही विचारा. इंग्लंडने १९०६ सालीच असं कमिशन घेणारा आणि देणारा दोघांनाही गुन्हेगार ठरवलं. तुमच्या वसुलीच्या भीतीवर त्यात उपाय होता: सरकारच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय खटलाच नाही. आपणही २०११मध्ये संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार मान्य केलाय, पण खाजगी लाचेबाबत त्यात फक्त "विचार करा" एवढंच आहे. आपला विचार अजून चालूच आहे.

खाडीकाठ:
राजापूरच्या चिऱ्यासाठी दिल्लीची संमती? म्हणजे कायदा फक्त बड्या कंपन्यांच्या कामाचा.

फरशीवाला:
मी देणारा. हौसेने देत नाही. टक्का दिला नाही तर सुपरवायझर माझ्या फरशीत खोट काढून माल परत पाठवतो. देणाऱ्याला सरसकट गुन्हेगार केलंत, तर तोंड उघडणार कोण? चिरेबंदींनाही खाणवाल्यानेच सांगितलं ना?

काळाकोट:
मुद्दा रास्त. सरकारी लाचेत २०१८च्या दुरुस्तीने देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आली, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं तर सूट आहे. इथेही तसं करता येईल.

फरशीवाला:
साहेब, तक्रार केल्यावर तालुक्यातला एकही सुपरवायझर माझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. त्यावर कुठलं कलम?

चिरेबंदी:
आमच्यासारखे मालक चढतील की. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फरशी अजून घ्यायचीय.