रेलाना दोन फटक्यांत संपवते: शॅडो ऑफ द एर्डट्रीमध्ये आधी कुठे फिरावं?

कोलोसल_काका

एल्डन रिंगचा मूळ खेळ पूर्ण झाला आहे, आता शॅडो ऑफ द एर्डट्री या डीएलसीमध्ये (खेळाच्या विस्तारात) कॅसल एन्सिसच्या टोकाला रेलाना या बॉसपाशी अडकलो आहे. लेव्हल १५०. स्ट्रेंग्थ ८०, व्हिगर (जीव वाढवणारा गुण) ४२, एंड्युरन्स (वजन पेलणारा गुण) ३०. हत्यार ग्रेटसोर्ड +२५, नेहमी दोन्ही हातांत धरून. जड चिलखत आहे, त्यामुळे वजन ७० टक्क्यांच्या जरा वर जातं. स्काडुट्री आशीर्वाद २ वर आहे. तिचा पूर्ण कॉम्बो लागला की खेळ खलास, आणि माझ्या फटक्याने तिची पट्टी जेमतेम हलते. बेल्युराटमधला दुसरा बॉस, डान्सिंग लायनही बाकी आहे. ऑफलाइन खेळतो, म्हणून माणसांची मदत मिळणार नाही. आणखी लेव्हल वाढवू, की आधी दुसरीकडे जाऊ? आणि आशीर्वाद वाढवणारे, सगळे म्हणतात ते स्काडुट्री तुकडे नेमके कुठे आहेत?

गवतातला_टॉरेंट

लेव्हल वाढवू नका. १५० नंतर एका लेव्हलने पडणारा फरक जाणवतही नाही, आणि त्यासाठी लागणारे रून्स (खेळातलं चलन) गोळा करण्यात संध्याकाळ जाते. लँड ऑफ शॅडोमध्ये, म्हणजे डीएलसीच्या प्रदेशात, तुमची खरी लेव्हल म्हणजे स्काडुट्री आशीर्वाद. मार देणं आणि मार सोसणं, दोन्ही त्यावर ठरतं. तो फक्त डीएलसीच्या नकाशात चालतो, मूळ खेळात परत गेलात की त्याचा परिणाम शून्य. एकूण ५० तुकडे, कमाल पातळी २०. सुरुवातीच्या पातळ्या थोड्या तुकड्यांत होतात, पुढे एकेका पातळीला तीन तुकडे लागतात. जून २०२४ मध्ये डीएलसी आल्यावर काही दिवसांतच जी दुरुस्ती आली, तिने पहिल्या निम्म्या पातळ्यांचा लाभ वाढवला. म्हणजे २ वरून ६ वर जाणं हे १४ वरून १८ वर जाण्यापेक्षा जास्त जाणवतं. तुम्ही नेमके त्याच स्वस्त टप्प्यात थांबला आहात.

रेलानाला हात न लावता मिळणारे तुकडे पुष्कळ आहेत. ग्रेव्हसाइट प्लेन या सुरुवातीच्या मैदानात स्कॉर्च्ड रुइन्सचा क्रॉस, थ्री-पाथ क्रॉस, चर्च ऑफ कन्सोलेशनमधली मारिकाची मूर्ती, चर्च ऑफ बेनेडिक्शन, बेल्युराटच्या दारापाशी मेन गेट क्रॉस आणि पूर्वेकडचा पिलर पाथ क्रॉस. बेल्युराटच्या आत स्मॉल प्रायव्हेट ऑल्टरपाशीही क्रॉस आहे, तिथे पोचायला लायनला मारावं लागत नाही. साधा नियम: मिकेलाचा क्रॉस दिसला की जवळ जा, चर्च दिसलं की मूर्तीच्या पायाशी बघा. शिवाय डोक्यावर चमकणारं मडकं घेऊन उभ्या असलेल्या सावल्या दिसतात, त्यांना मारलं की तुकडा पडतो. लांबून नुसता उजेड दिसतो, म्हणून बरेच जण तिथून घोडा दामटतात आणि तुकडा राहून जातो.

गोळा केलेले तुकडे आपोआप लागू होत नाहीत. ग्रेसवर (विश्रांतीच्या जागी) बसून शॅडो रेल्म ब्लेसिंग उघडून पातळी वाढवावी लागते. आधी तेच बघा, सामानात तुकडे पडून असतील.

एक सावधगिरी. वेस्टर्न नेमलेस मॉसोलियममधला ब्लॅकगोल नाइट सुरुवातीच्या जागेच्या अगदी जवळ आहे, म्हणून तो सोपा असेल असं वाटतं. तो सोपा नाही. त्याचं ग्रेटसोर्ड ऑफ सॉलिट्यूड तुमच्या बिल्डला (गुणांच्या मांडणीला) शोभेल, पण आशीर्वाद ५-६ झाल्यावर जा.

सोमेश्वर_स्मिथिंग

आशीर्वादाचं वरच्यांनी सांगितलं. तुमच्या आकड्यांतही मोठी गळती आहे.

हत्यार दोन्ही हातांत धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट मोजली जाते. ५४ च्या दीडपट ८१. आणि ८० नंतर स्ट्रेंग्थचा परतावा एकदम घसरतो. कायम दोन हातांनीच लढत असाल तर ८० पैकी २६ गुण अशा जागी पडून आहेत जिथे त्यांचा उपयोग सगळ्यात कमी होतो. राया लुकारियाच्या ग्रँड लायब्ररीत रेनालाकडे जा, एक लार्व्हल टिअर (गुण नव्याने वाटायला लागणारी वस्तू) द्या आणि स्ट्रेंग्थ ५४ करा. ग्रेटसोर्डला ३१ लागते, तेव्हा ती अडचण नाही. सुटलेल्या २६ पैकी १८ व्हिगरला, म्हणजे ६०. उरलेले ८ एंड्युरन्सला, म्हणजे ३८.

व्हिगर ४० ला एचपी (जीव) १४५०, ६० ला १९००. ६० च्या पुढे गुण टाकू नका, तिथून वाढ अगदी किरकोळ आहे. फटका थोडा कमी होईल, पण कॉम्बोतला एक फटका जास्त सोसलात तर एक फ्लास्क (जीव भरणारं पेय) जास्त पिता येतो. रेलानासमोर ते जास्त मोलाचं.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. ७० टक्क्यांच्या वर गेलात की जड रोल येतो. त्यात वाचण्याचा वेळ कमी आणि उठायला उशीर. रेलानाचे कॉम्बो लांबलचक आहेत आणि दोन फटक्यांमधली जागा अरुंद, त्यामुळे एक रोल चुकला की पुढचे तीन फटके अंगावर येतात. तुम्ही ज्याला दोन फटक्यांत मरणं म्हणता त्यात या जड रोलचा मोठा वाटा असणार. एंड्युरन्स वाढल्यावर बहुधा वजन ७० च्या आत येईल. नाही आलं तर शिरस्त्राण किंवा हातमोजे हलके करा, छातीचं चिलखत ठेवा.

टॅलिस्मनमध्ये (अंगावर घालायच्या ताइतांत) ड्रॅगनक्रेस्ट ग्रेटशील्ड शारीरिक मार २० टक्के कमी करतो. दुसऱ्या टप्प्यात तिची एक तलवार आगीची, एक जादूची होते. तिथे मार जास्त बसत असेल तर एका जागी आगीसाठी फ्लेमड्रेक किंवा जादूसाठी स्पेलड्रेक घाला. उडी मारून जड फटका हा कोलोसलचा (तुमच्या अजस्र तलवारीचा) मुख्य वार असेल तर क्लॉ टॅलिस्मन आणि रॅप्टर्स ब्लॅक फेदर्स एकत्र वापरा, दोन्ही उडीचा वार वाढवतात. ते पिसांचं चिलखत हलकंही आहे, म्हणजे वजनाचा प्रश्नही तिथेच सुटतो.

चंद्रकोर_१२

रेलानाशी प्रत्यक्ष लढण्याबद्दल.

मागे मागे पळू नका. तिला अंतर मिळालं की जादूचे बाण येतात किंवा ती झेप घेते, आणि तुमचं हत्यार सावकाश आहे. तिच्या अंगाशी राहून, फिरत्या तलवारीच्या बाजूला रोल करा. कॉम्बो संपला असं वाटलं की लगेच वार करू नका. तिचे बरेच कॉम्बो एका श्वासाच्या विरामानंतर पुढे सुरू होतात, आणि कोलोसल उचललेला माणूस तिथेच सापडतो. विराम ओळखीचा होईपर्यंत नुसतं टाळत राहा. मग प्रत्येक खऱ्या थांब्याला एकच उडीचा वार, दुसऱ्याचा मोह नको. तिचा तोल मोडता येतो. खाली बसली की गंभीर वार घ्या, आणि ती उठेपर्यंत फ्लास्क प्या.

निम्म्याच्या आसपास एचपी आल्यावर तलवारी पेटतात. यानंतरचा चंद्रांचा वार बहुतेकांना मारतो. ती हवेत जाते, मागे दोन चंद्र दिसतात, आणि ती जमिनीवर आदळते. एकामागून एक लाटा येतात. रोल करून सगळ्या लाटा चुकत नाहीत, प्रत्येक आदळणीला उडी मारा. उडीचं बटण सरसकट दाबत राहिलात तर नेमके आदळतानाच जमिनीवर असाल. तिचं अंग खाली येताना बघून उडी घ्या.

ऑफलाइन असलात तरी धुक्याच्या दाराआधी नीडल नाइट लेडा या खेळातल्याच पात्राला बोलावण्याची खूण असते. तिला बोलावता येतं, पण कोणाही सोबत्याला बोलावलं की बॉसचा एचपी वाढतो. स्पिरिट अ‍ॅशने (राखेतून बोलावलेल्या आत्म्याने) तो वाढत नाही. म्हणून तुमच्या जागी असते तर लेडाऐवजी मिमिक टिअर +१० (तुमचीच नक्कल करणारा आत्मा) घेतली असती. त्यासाठी रिव्हर्ड स्पिरिट अ‍ॅशेसही गोळा करा. एकूण २५, कमाल पातळी १०, आणि त्या टॉरेंट या घोड्यालाही बळ देतात.

नवखा_टार्निश्ड

मध्ये विचारतो. माझं डीएलसीत शिरणंच अडलंय. त्यासाठी मारावे लागणाऱ्या दोन बॉसपैकी राडान मेला, मोहग बाकी. हिमप्रदेशापर्यंत पोचलेलो नाही. त्याआधीच मोहगपर्यंत जाता येतं का?

सोमेश्वर_स्मिथिंग

येतं, व्हारेच्या वाटेने. गॉडरिकसारखा एक शार्डबेअरर (ग्रेट रून बाळगणारा बॉस) मारून राउंडटेबल होल्डमध्ये टू फिंगर्सशी (दोन बोटांच्या आकाराच्या त्या जीवाशी) बोला. मग लिउर्नियातल्या रोझ चर्चमध्ये पांढऱ्या मुखवट्याचा व्हारे भेटेल. तो इतरांच्या जगात तीन वेळा घुसायला सांगतो, तिथे जिंकणं बंधनकारक नाही. ऑफलाइन असाल तर अल्टसमधल्या रिथब्लड रुइन्समध्ये मॅग्नस नावाच्या एनपीसीच्या (खेळच चालवतो त्या पात्राच्या) जगात घुसायची लाल खूण आहे, त्याला मारलं की भागतं. मग तो देतो ते कापड कुमारिकेच्या रक्तात भिजवा. लिउर्नियातलं चर्च ऑफ इन्हिबिशन हे त्यासाठी नेहमीचं ठिकाण. परत गेलात की प्युअरब्लड नाइट्स मेडल मिळतं, ते वापरलं की थेट मोहगचा मोहगविन पॅलेस.

मोहगसाठी फिजिकमध्ये (स्वतः मिसळायच्या पेयात) प्युरिफाइंग क्रिस्टल टिअर टाका आणि तो तिसरा आकडा म्हणण्याच्या बेतात असताना प्या. अल्टसमधल्या सेकंड चर्च ऑफ मारिकामध्ये घुसखोर एलिओनोराला मारून ती मिळते. मोहग मेल्यावर कोशातून लोंबणाऱ्या वाळलेल्या हाताला स्पर्श करा.

कोलोसल_काका

गुण बदलले, वजन ६८ टक्के. सामानात न वापरलेले तुकडे खरोखर होते, बाकीचे फिरून घेतले, आशीर्वाद आता ५. फरक लगेच दिसतो. दोन प्रश्न राहिले. मैदानात फिरणारे आगीचे मोठे टोपलीवाले राक्षस मारावेत का? आणि रेलानाआधी आणखी कुठे जाता येईल?

गवतातला_टॉरेंट

फर्नेस गोलेम जरूर मारा, ते फिजिकसाठी क्रिस्टल टिअर देतात. घोड्यावर बसून पायांभोवती फिरत पायांवर वार करा. तो पाय आपटतो तेव्हा आगीची लाट पसरते, तेव्हा टॉरेंटची दुहेरी उडी. तोल गेला की तो कोसळतो, उतरून तोंडावर गंभीर वार करा. ज्यांच्या पायांना चिलखत आहे त्यांच्या पायांवर वेळ घालवू नका. उंच कड्यावरून त्यांच्या डोक्यावरच्या भट्टीत हेफ्टी जातीचे मोठे अग्निकुंभ टाकावे लागतात. एका गोलेमकडून डिफ्लेक्टिंग हार्डटिअर मिळते. ती प्यायल्यावर पाच मिनिटं, फटका बसण्याच्या क्षणी बचाव केला तर जवळजवळ काहीच लागत नाही आणि त्यानंतरचा गार्ड काउंटर (बचावानंतर लगेचचा उलटवार) जोरात बसतो. ढाल नको, दोन हातांतल्या तलवारीनेही जमतं. रोलपेक्षा टायमिंग ज्यांच्या हातात बसतं त्यांच्यासाठी या डीएलसीतली ही सगळ्यात चांगली वस्तू.

फिरायला जागा भरपूर. एलाक नदीच्या गुहेतून नदीकाठाने दक्षिणेला गेलात की सेरुलियन कोस्ट, तिथेही क्रॉस आहे. त्याच्या टोकाला स्टोन कॉफिन फिशर, खाली उतरून आणखी एक क्रॉस. पिलर पाथकडून ड्रॅगन्स पिट, पलीकडे जॅग्ड पीक. पण तिथला बेल हा ड्रॅगन मोठा आहे, त्याला नंतरसाठी ठेवा.

चंद्रकोर_१२

आणखी एक, कारण हे हुकलं तर परत मिळत नाही. शॅडो कीपकडे सरकण्याआधी सगळ्या एनपीसींशी बोलून घ्या. तिथे जवळ गेलात की कुठेतरी एक ग्रेट रून फुटल्याचा संदेश येतो, मिकेलाची भुरळ उतरते, आणि सगळ्यांचं वागणं बदलतं. मेन गेट क्रॉसवरच्या मूरकडून ब्लॅक सिरप घेऊन पिलर पाथ क्रॉसवरच्या थिओलियरला देणं हे त्याआधीच करा. प्रत्येक माणसाचे संवाद पुन्हा तेच येईपर्यंत बोला.

लायनसाठी थोडक्यात: डोक्यावर लक्ष्य लॉक केलंत तर कॅमेरा गरगरतो. लॉक सोडा, पोटाखाली किंवा मागच्या पायांशी राहा. वारा, बर्फ, वीज अशी त्याची रूपं बदलतात. विजेच्या रूपात जमिनीवर खुणा उमटल्यावर जरा उशिराने वीज पडते, तेव्हा खुणेवरून हला आणि मगच मारा. मदतीला रेडमेन फ्रेयाला बोलावण्याची खूण दाराबाहेर आहे.

आणि जुने व्हिडिओ बघताना तारीख बघा. सप्टेंबर २०२४ च्या १.१४ आवृत्तीत शेवटच्या बॉसच्या चाली बदलल्या: सुरुवातीची चाल वेगळी, काही वारांचा पल्ला आणि मार कमी, प्रकाशाचे परिणाम नीट दिसतील असे. त्याआधीचे सल्ले तिथे अर्धेच लागू पडतात. त्या लढाईत दुसऱ्या टप्प्यात होली (पवित्र प्रकाशाचा) मार खूप असतो, म्हणून शामन व्हिलेजमधलं गोल्डन ब्रेड टॅलिस्मन आत्तापासून यादीत लिहून ठेवा.