हॉपिन जॉन गिचका होतोय. तांदूळ कोणता घ्यावा?

पंचवटी: हॉपिन जॉन, म्हणजे अमेरिकेतला चवळी-भात, नाशिकच्या बाजारात मिळणाऱ्या सामानात करायचाय. इगतपुरीचा इंद्रायणी घेतला तर गिचका होतो, चवळीही फुटते. बेकन (धुरावलेलं डुकराचं मांस) नको. आणि याला नुसतं 'सदर्न फूड', म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं जेवण, म्हणावं का?

गंगापूर रोड: इंद्रायणी मुळातच चिकट, इथे चालणार नाही. जुना कोलम घ्या.

1 वाटी चवळी 5-6 तास भिजवून उघड्या पातेल्यात मंद आचेवर शिजवा. कुकरच्या शिट्टीत सालं सुटतात. दाणा बोटांत चेपला पाहिजे, साल मात्र अखंड हवी. टोमॅटो घालणार असाल तर चवळी शिजल्यावरच, आंबट आधी पडलं की दाणे कडक राहतात. शिजलेलं पाणी गाळून ठेवा, चव त्यातच असते. 2 चमचे तेलात कांदा, लसूण, तमालपत्र, लाल मिरची परता. त्यावर 1 वाटी धुतलेला तांदूळ, चवळी, मीठ आणि ते पाणी, पावणेदोन वाट्या. कमी पडलं तर गरम पाण्याची भर घाला. उकळी आली की झाकून मंद आचेवर 15 मिनिटं. मग गॅस बंद करा आणि 10 मिनिटं झाकण काढू नका. गिचका होतो तो बहुतेक इथेच, मध्ये उघडून ढवळल्याने.

बेकनऐवजी धुरी द्या: वाटीत लाल निखारा, त्यावर चमचाभर तेल, 5 मिनिटं झाकून. जास्त ठेवलं तर कडवट लागतं.

सिडको: 'सदर्न' एवढंच म्हणणं अन्यायाचं आहे. चवळी पश्चिम आफ्रिकेतली; वोलोफ भाषेत तिला 'न्येबे' म्हणतात आणि सेनेगलमध्ये चवळी-भात आजही रोजचा आहे. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्याची भातशेती उभी राहिली ती सेनेगांबिया, सिएरा लिओन अशा पश्चिम आफ्रिकेतल्या भातपट्ट्यांतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या कष्टांवर आणि जाणतेपणावर. बांध, पाण्याची दारं, उखळ-मुसळाने सडणं, गवताच्या विणलेल्या सुपाने पाखडणं, सगळं त्यांच्या हातचं. त्यांचे वंशज, गल्ला-गीची लोक, त्या टोपल्या अजून विणतात.

पाककृती 1847 साली छापून आली ती मात्र गोऱ्या बाईच्या पुस्तकात: एक पिंट (साधारण अर्धा लिटर) लाल चवळी, एक पिंट तांदूळ, एक पाउंड बेकन, शेवटी भांडं निखाऱ्यावर ठेवून वाफ मुरवायची. चुलीपाशी कोण उभं होतं, ते नाव कुठेच नाही. म्हणून पदार्थाचं नाव सांगताना 'कृष्णवर्णीय अमेरिकनांचा' हे शब्द आधी यावेत.

पंचवटी: मग पांढरी चवळी नको?

गंगापूर रोड: अमेरिकेत 1 जानेवारीला घरोघरी शिजते ती पांढरी, काळ्या डोळ्याची, तीही चालते. पण लाल बारीक चवळी मिळाली तर तीच घ्या, साल टिकते आणि भाताला तांबूस रंग येतो.