घरी शिकणाऱ्या लहान मुलांमधील गणिताची उपजत जाण कशी ओळखावी?

पारिजात (सातारा)

नमस्कार. आम्ही आमच्या दोन्ही मुलांना गेली तीन वर्षे घरीच शिकवत आहोत. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि मुलगी साडेसहा वर्षांची. मुलाचे तिसापर्यंतचे पाढे पाठ आहेत आणि तोंडी बेरजा तो माझ्या आधी करतो. घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याला "सतरा नवे किती?" असे विचारून त्याचे कौतुक करतो. मुलगी मात्र अजून आठ आणि पाच बोटांवर मोजते, आणि सातचा पाढा तिला चार महिने झाले तरी जमलेला नाही. त्यामुळे घरात असे ठरूनच गेले आहे की मुलाला गणित आहे आणि मुलीला नाही.

माझ्या मनात मात्र शंका आहे. एकोणतीस शिकताना मुलीने मला विचारले, "तिसाला एक कमी म्हणून एकोणतीस, तर शंभराला एक कमी असताना आपण एकोणशंभर का म्हणत नाही?" दुसरा प्रसंग जिन्याचा आहे. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत आणि आजीच्या घरी अकरा. दोन-दोन पायऱ्या चढताना एका ठिकाणी काही उरत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी एक उरते, हे तिच्या लक्षात आल्यावर ती दिसेल तो जिना तसाच चढू लागली. पंधरा दिवसांनी जेवताना, कोणीही विचारलेले नसताना, ती म्हणाली, "तीन-तीन चढले तर एक उरते नाहीतर दोन उरतात, तीन कधीच उरत नाहीत."

शाळेत असती तर निदान शिक्षकांना विचारता आले असते. मी स्वतः दहावीनंतर गणित सोडले, त्यामुळे मी जे पाहते आहे ते खरोखर काही आहे की आईचे कौतुक आहे, हे मला कळत नाही. मुलांमधील उपजत जाण कशावरून ओळखावी, आणि मुलीला अबॅकसच्या वर्गाला घालावे का, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

निवृत्त शिक्षक (नाशिक)

पारिजातताई, मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. आपण सांगितलेले दोन्ही प्रसंग मी दोनदा वाचले, कारण वर्गात असे प्रश्न फार क्वचित ऐकू येतात. पाढे आणि तोंडी हिशोब यांचे मोल मी कमी मानत नाही. ते हाताशी असले की पुढचा विचार मोकळेपणाने करता येतो. परंतु ती स्मरणाची आणि सरावाची कमाई आहे, आणि गणिताची जाण तिच्यापासून वेगळी असू शकते. एकोणतीस हा शब्द सगळी मुले पाठ करतात. त्या शब्दाच्या आत वजाबाकी आहे हे ओळखून तोच नियम शंभरापर्यंत नेणे आणि तो तिथे का मोडतो असे विचारणे, हे वेगळ्या जातीचे काम आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जोडाक्षरे असलेल्या संख्यांचे वाचन सोपे व्हावे म्हणून एकवीसला 'वीस एक' म्हणण्याची पद्धत दिली गेली तेव्हा केवढा वाद झाला होता. आपल्या मुलीने त्या वादाच्या मुळाशी असलेली गोष्ट एकटीने पाहिली आहे.

जिन्याच्या प्रसंगात मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते दोन शब्द: 'कधीच नाहीत'. पायऱ्या मोजून उत्तर सांगणारे मूल त्या एका जिन्याबद्दल बोलत असते. 'कधीच' म्हणणारे मूल न पाहिलेल्या सगळ्या जिन्यांबद्दल बोलू लागलेले असते. बोटांवर मोजण्याची काळजी करू नये, कारण साडेसहाव्या वर्षी बोटे हे विचाराचे साधन आहे. फक्त एवढे पाहावे की आठ आणि पाच मिळवताना ती पुन्हा एकपासून मोजते, की आठच्या पुढे पाच मोजते, की आठाला दोन देऊन दहा करते आणि उरलेले तीन त्यात घालते. या तिन्ही रीतींचे उत्तर तेराच येते, पण त्यांच्यामागचे विचार सारखे नाहीत. म्हणून उत्तर बरोबर आले तरी "तू हे कसे केलेस?" असे विचारत जावे आणि ती बोलत असताना मध्ये काहीही सुचवू नये.

मुलासाठीही एक खेळ सुचवतो. आमच्या जवळच्या देवळालीत द. रा. कापरेकर शाळेत शिकवत असत. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ६१७४ ही संख्या पुष्कळांना माहीत असेल. तीन अंकांत तोच खेळ सोपा होतो. ३५२ घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा: ५३२ वजा २३५ म्हणजे २९७. पुन्हा तसेच करत गेले की ६९३, ५९४ आणि शेवटी ४९५ येते, आणि मग ४९५च येत राहते. मुलगा वजाबाक्या भराभर करील यात शंका नाही. प्रत्येक वेळी मधला अंक नऊच येतो आणि दोन्ही कडांच्या अंकांची बेरीजही नऊच होते, हे त्याला आपण होऊन दिसते का आणि दिसल्यावर त्याला स्वस्थ बसवते का, एवढेच पाहावे.

दोघांनाही एकत्र बसवायचे असेल तर ठिपक्यांच्या रांगोळीइतके चांगले साधन नाही. मधल्या ओळीत सात ठिपके आणि वर-खाली एकेक कमी करत चारपर्यंत, अशी रांगोळी मांडून एकूण ठिपके किती, असे विचारावे. उत्तरापेक्षा कोण ते ठिपके कसे पाहतो, याकडे लक्ष द्यावे.

वाटसरू (पुणे)

आमच्या मुलीने घरी शिकून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी केली, म्हणून अनुभवाने लिहितो. सरांचे म्हणणे पटते, परंतु "लक्ष द्यावे" हे वाचताना मला थोडी भीती वाटली. आमची मुलगी सात वर्षांची असताना आम्ही तिच्यात गणिताची देणगी आहे असे ठरवले आणि ते तिच्यासमोर पाहुण्यांना सांगू लागलो. वर्षभरात तिने अवघड कोडी हातात घेणेच सोडून दिले. चुकले तर ती देणगी खोटी ठरेल, असे तिला वाटत होते, आणि हे तिने आम्हाला चौदाव्या वर्षी सांगितले. घरात आई-वडीलच शिक्षक असल्यामुळे आमची निराशा लपवायला दुसरी जागाच नव्हती, आणि घरी शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष सांभाळायला हवी असे मला कळकळीने वाटते. आपल्या मुलाला पाहुणे विचारतात तो "सतरा नवे" हा प्रश्न शक्य असल्यास थांबवा.

अबॅकसने आकडेमोडीचा वेग आणि एकाग्रता वाढू शकते. मात्र "तीन कधीच उरत नाहीत" म्हणणाऱ्या मुलीला त्या वर्गात त्या वाक्याचे काय करायचे ते कोणी सांगणार नाही, म्हणून मी घाई करणार नाही. पुढे सोबत लागेलच. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी ही शैक्षणिक संस्था १९६२पासून आणि भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था १९७६पासून काम करत आहे, आणि सहावीच्या सुमारास डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचाही विचार करता येतो. आज तिला हवे आहे ते तिच्या प्रश्नावर तिच्याबरोबर थांबणारे माणूस.

निवृत्त शिक्षक (नाशिक)

वाटसरू, आपला आक्षेप मला मान्य आहे. निरीक्षण वहीत ठेवावे, मुलांसमोर बोलू नये, हे मी आधीच लिहायला हवे होते.

पारिजात (सातारा)

दहा दिवसांनी लिहीत आहे. रांगोळी मांडली. मुलाने क्षणात सांगितले की चार, पाच, सहा यांची बेरीज पंधरा, तिची दुप्पट तीस आणि मधले सात, म्हणून सदतीस. मुलीने एकेक ठिपका मोजला आणि दोन वेळा छत्तीस आले. मी काही बोलले नाही, पण तेवढे गप्प राहणे मला फार कठीण गेले. तिसऱ्या दिवशी तिने रंग मागितले. मधला एक ठिपका लाल केला, त्याच्याभोवतीचे सहा पिवळे, त्याच्याबाहेरचे बारा हिरवे आणि कडेचे अठरा निळे केले. मग म्हणाली, "पुढच्या फेरीत चोवीस येणार, म्हणजे एकसष्ट." बेरीज मात्र तिने बोटांवरच केली.

आमचा मुलगा तोवर बाजूला उभा राहून पाहत होता. त्याने विचारले, "प्रत्येक फेरीत सहाच का वाढतात? पाच का नाही?" संध्याकाळी त्यानेच येऊन दाखवले की रांगोळीला सहा बाजू आहेत आणि बाहेरच्या फेरीत प्रत्येक बाजूला एकच ठिपका वाढतो. त्याने 'का' असे विचारलेले मी बऱ्याच महिन्यांत ऐकले नव्हते. कोणाला गणित आहे आणि कोणाला नाही, हे आमच्या घरात इतक्या सहज कसे ठरले, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. अबॅकसचा वर्ग सध्या बाजूला ठेवला आहे.

निवृत्त शिक्षक (नाशिक)

फार आनंद झाला. आता दोघांना मिळून एक काम द्या. एका ठिपक्याची रांगोळी, मग सातांची, एकोणिसांची आणि सदतिसांची, यांची बेरीज एकेक वाढवत करायला सांगा: १, ८, २७, ६४. मुलाला हे आकडे कदाचित ओळखीचे वाटतील. मुलीसमोर लाकडी ठोकळे ठेवा, आणि सत्तावीस ठोकळ्यांतून काय उभे राहते ते तिला स्वतः रचू द्या.