आरोपी कर्णबधिर, दोषारोप समजावायचा कसा?

पॅनेल_वकील: विधी सेवा प्राधिकरणाकडून खुनाच्या प्रयत्नाचा खटला आलाय (भारतीय न्याय संहिता, म्हणजे बीएनएस, कलम 109). आरोपी जन्मतः कर्णबधिर, शाळेत कधी गेलेला नाही, लिहिता-वाचता येत नाही. पुढच्या तारखेला सत्र न्यायालयात दोषारोप आहे. रिमांडपासून भाऊच खुणांनी सांगतोय, आणि तोच सरकार पक्षाचा साक्षीदारही आहे. साक्ष अधिनियमाच्या कलम 125 खाली दुभाषी मागू का? सरकारी वकील म्हणतात, समजत नसेल तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 357 आहेच, आरोपीला कामकाज समजत नसलं तरी खटला पुढे चालवू देणारं कलम.

फौजदारी_बाजू: 125 साक्षीदारासाठी आहे, आरोपी स्वतः साक्षीला उभा राहिला तरच उपयोगी. तुमचा अर्ज बीएनएसएस 251 (दोषारोप वाचून समजावणे), 314 (पुरावा आरोपीला कळणाऱ्या भाषेत सांगणे), 317 (दुभाष्यावरचे सत्यतेचे बंधन) आणि दिव्यांग हक्क अधिनियम 2016 च्या कलम 12 वर करा.

357 ही पळवाट नव्हे. सगळे उपाय करूनही समजावता आले नाही, तर ते कलम. त्यातही दोषी ठरवल्यास प्रकरण अहवालासह उच्च न्यायालयाकडे जाते. दुभाषी न आणताच 'समजत नाही' अशी नोंद होत असेल तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्या.

भावाबद्दलही हरकत घ्या. राजस्थान राज्य विरुद्ध दर्शन सिंग (2012) मध्ये कर्णबधिर साक्षीदाराच्या वडिलांनी केलेल्या दुभाषणावर सर्वोच्च न्यायालयाने हितसंबंधांचा प्रश्न उपस्थित केला होता.

खुणांची_भाषा: नुसता 'सांकेतिक भाषेचा दुभाषी द्यावा' असा अर्ज इथे पुरणार नाही. शाळेत न गेलेल्या माणसाकडे बहुधा घरातल्या खुणा असतात, भारतीय सांकेतिक भाषा नसते. दोघे मागा: एक कर्णबधिर दुभाषी, जो खुणा, चित्रं, अभिनय यांतून अर्थ पोचवेल, आणि एक ऐकू येणारा, जो ते मराठीत न्यायालयाला सांगेल. ऐकू येणाऱ्याकडे सांकेतिक भाषेच्या दुभाषणाचा डिप्लोमा आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते पाहा. चौकशी वांद्र्याच्या अली यावर जंग या वाक्-श्रवण दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेपासून सुरू करा.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे मान हलवणे. 'हो, बघतोय' एवढाच त्याचा अर्थ असतो आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत) तो 'गुन्हा कबूल' होऊन बसतो. दुसरा धोका प्रश्नातच असतो. 'कशाने मारलं?' विचारताना दुभाष्याने मूठ वळून भोसकल्याची खूण केली, की चाकू प्रश्नातूनच आला. तटस्थ खूण करून उत्तर त्याच्या हातातून येऊ द्यायचं. बीएनएसएस 351 च्या जबाबातले (पुराव्याबद्दल न्यायालय आरोपीला विचारतं ते) लांबलचक प्रश्नही तोडून घ्यावे लागतात, एका वेळी एकच गोष्ट.

निशाणी_क्र_1: व्हिडिओ चित्रीकरणाची मागणी त्याच अर्जात घाला. चौकटीत आरोपी कमरेपासून वर, दोन्ही हात आणि दुभाषी दिसला पाहिजे. मराठी भाषांतरच तेवढं नोंदलं गेलं तर चूक पुढे कुणालाच दाखवता येत नाही. पिंजरा मागे असतो, म्हणून आरोपीला पुढे बसवायला सांगा. दुभाषी खिडकीकडे पाठ करून उभा राहिला तर चेहरा काळा दिसतो. आणि बेडी काढायला लावा. बांधलेल्या हातांनी तो बोलणार कसा? दर वीस-तीस मिनिटांनी विश्रांती मागा, थकलेला दुभाषी शब्द गाळतो.

पोलिसांनी निवेदन पंचनामा (आरोपीने सांगितलेल्याची पंचांसमोरची नोंद) 'हावभावांवरून' लिहिलाय का, तेही पाहा. दुभाषी नसेल तर उलटतपासाचा पहिला मुद्दा तोच.

पॅनेल_वकील: कारागृहातल्या भेटीला न्यायालयाचाच दुभाषी नेला तर?

फौजदारी_बाजू: नका नेऊ. तुमच्यासाठी वेगळा घ्या. साक्ष अधिनियम 132 चं गोपनीयतेचं बंधन वकिलाच्या दुभाष्यालाही लागू आहे. भेटीआधी त्याला ते नीट समजावा आणि आरोपीलाही कळू द्या, की हा माणूस पोलिसांचा नाही.