शब्दचर्चा: ‘लाक्षणिक’ ठराव की असहकार?

अनुवादिका: अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळांवरचा एक लेख मराठीत आणतेय. स्थलांतरितांवरच्या केंद्रीय धाडींबद्दल तिथले आमदार ‘सिम्बॉलिक’ भूमिका घेतात, असं त्यात सारखं येतं. ‘प्रतीकात्मक’ लिहून कंटाळले. दुसरं काही सुचतंय?

जुना वार्ताहर: ‘लाक्षणिक’ आहे की! लाक्षणिक उपोषण, लाक्षणिक संप. एक दिवस बसायचं, निवेदन द्यायचं आणि घरी जायचं. सरकार हलेल अशी अपेक्षा नसते, आपण कोणत्या बाजूचे एवढं नोंदवायचं असतं.

रांगडा: सरळ ‘बोलाचीच कढी’ म्हणा.

अनुवादिका: त्यात टोमणा आला. मूळ लेखाचा सूर तसा नाही.

एडिसनकर: काकांचा शब्द चपखल आहे, पण फक्त ठरावांना. कॅलिफोर्नियात केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयावर दोन्ही सभागृहं संयुक्त ठराव करतात. त्याला गव्हर्नरची सही लागत नाही, कारण तो कायदाच नसतो. वर ‘ज्याअर्थी, ज्याअर्थी’ची रांग, खाली ‘त्याअर्थी’, आणि शेवटी प्रती कोणाकोणाला पाठवायच्या ते: राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, काँग्रेसमधले आपले प्रतिनिधी. हे शंभर टक्के लाक्षणिक.

पण त्याच विधिमंडळाने २०१७ मध्ये एसबी ५४ (सिनेट बिल ५४) हा कायदा केला. तो लाक्षणिक नाही, ताई. स्थलांतर खातं (आईस) स्थानिक तुरुंगाला कळवतं, की अमुक कैद्याला सुटकेच्या वेळेनंतर आणखी ४८ तासांपर्यंत थांबवा, आम्ही न्यायला येतो. नुसत्या त्या कागदावर माणसाला अडकवून ठेवायला एसबी ५४ मनाई करतो. म्हणजे फरक तुरुंगाच्या दारात पडतो. केंद्र कोर्टात गेलं, २०१९ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयात हरलं, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच घेतलं नाही. याचं मूळ १९९७ च्या प्रिन्ट्झ खटल्यात. तो होता बंदूक घेणाऱ्यांची चौकशी शेरीफांवर, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखांवर, लादण्याबद्दल. निकाल असा, की केंद्राने आपली कामं राज्यांच्या माणसांना जुंपून करून घ्यायची नाहीत. याला मराठीत नेमका शब्द आहे: असहकार. केंद्राचा रस्ता अडवत नाही, पण हातही लावणार नाही.

जुना वार्ताहर: मान्य. आणि ठरावच असेल तर विशेषणाची तरी गरज काय? केरळ विधानसभेने ३१ डिसेंबर २०१९ ला नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध ठराव केला. नागरिकत्व केंद्राच्या सूचीत. आपल्या दोन्ही सभागृहांनी २७ डिसेंबर २०२२ ला ८६५ सीमागावांचा ठराव एकमताने केला. गावं आहेत तिथेच आहेत. मराठी वाचकाला ‘ठराव’ म्हटलं की पुढचं कळतं.

रांगडा: मग टेक्सास? तिथे उलटी गंगा.

एडिसनकर: तिथला २०१७ चा एसबी ४ सहकार्याची सक्ती करतो, न करणाऱ्या शेरीफाला दंड, पदही जाऊ शकतं. लाक्षणिक अजिबात नाही. आणि हो, स्थलांतरितांना पकडायला केंद्राला मदत न करणाऱ्या शहरांना ‘सँक्च्युअरी सिटी’ म्हणतात, त्याचं ‘अभयारण्य शहर’ करू नका. वाघ मोजायला लोक येतील.

अनुवादिका: 😀 ‘आश्रयदाती शहरं’ केलंय. अडलेय ते कॅलिफोर्नियाच्या २०२५ च्या मुखवटा-बंदीपाशी. केंद्राच्या अधिकाऱ्यांनीही कामावर तोंड झाकायचं नाही असा कायदा. गव्हर्नर न्यूसम यांनी सप्टेंबरात सही केली, आणि केंद्राने आम्ही पाळणार नाही म्हणून सांगितलं. याला ठरावही म्हणता येत नाही.

एडिसनकर: असहकारही नव्हे, कारण इथे राज्य स्वतःचा हात मागे घेत नाहीये, केंद्राच्या माणसाला हुकूम देतंय. आणि केंद्राचा कायदा राज्याच्या वर, हे तिथल्या घटनेतच आहे. मी ‘आव्हान’ लिहीन.

जुना वार्ताहर: ‘आव्हान’ चालेल. पण त्या ४८ तासांच्या कागदाला काय लिहिणार आहात? ‘स्थानबद्धता आदेश’ नको, तो आदेश नाहीच. ‘ताबा-विनंती’ करून पाहा.